हसनचाचांच्या हातातली पुंगळी

लेथवर पितळ चढवलं की कीस उडतोच. सकाळी झाडून काढा, जेवणाच्या सुट्टीपर्यंत पुन्हा ढीग! हसनचाचांच्या किश्श्यांचंही तसंच. सौदीतल्या बुरैद्यात आमच्या वर्कशॉपमध्ये मी वेल्डर, ते टर्नर. मी चिपळूणचा, ते दाभोळचे. खजुराच्या बागांचे पंप दुरुस्त करायचे, हे आमचं रोजचं काम. बाकीचं सगळं चाचांच्या नावावर चालत येतं.

*

एकदा नेमबाजी क्लबचे कॅप्टन काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या घेऊन आले. गोळी उडाली की पितळी पुंगळी तोंडाशी किंचित लांबते. पुन्हा वापरायची तर कापून मापात आणावी लागते. परदेशी मशीन क्लबला झेपत नव्हतं.

"स्वस्तात काही जमेल? किती दिवस लागतील?"

चाचा म्हणाले, "चहा घेणार ना?"

चहा झाला, दुपारची नमाज झाली, जेवण झालं. मोडक्या पंपाचा शाफ्ट, जुन्या ड्रिलचा चक आणि खजुराच्या लाकडाची मूठ जोडून हत्यार तयार! हाताने फिरवायचं, माप आलं की पातं आपोआप थांबतं. कॅप्टन निघाले ते हत्यार घेऊनच!

*

पुढे चाचांच्याच हातून कापून घ्यायच्या म्हणून पुंगळ्यांच्या थैल्याच यायला लागल्या. एकदा कॅप्टन माप घ्यायचा डिजिटल व्हर्नियर लावून एकेक तपासत होते. सगळ्या ओके. चाचांनी माझ्याशी बोलता बोलता एका पुंगळीवरून अंगठा फिरवला. "ही लांब आहे."

कॅप्टननी मोजली. "बरोबर आहे!"

"व्हर्नियरचा सेल बदला."

सेल बदलला. पुंगळी लांब निघाली!

*

रियाधहून वर्कशॉपच्या हत्यारांचा एक सेल्समन आला होता. गुळगुळीत कॅटलॉग, कडक इस्त्री. चाचांनी तसलंच दुसरं हत्यार बनवून टेबलावर ठेवलं होतं, ते त्याने उचललं, फिरवलं आणि कॅटलॉग मिटला.

"कुठला माल हा?"

"दाभोळ."

त्याने वहीत लिहून घेतलं. "युरोपात कुठे येतं हे?"

"समुद्राला लागूनच!"

*

कॅप्टनची मुलगी नूरा क्लबची नेमबाज. मॅचच्या आदल्या दिवशी ती स्वतःच पुंगळ्या न्यायला आली. चाचा एकेक पुंगळी लोखंडी टेबलावर टाकून बघत होते. खण्ण. खण्ण. खण्ण. शेजारी कॉम्प्रेसर धडधडत होता, मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. मधेच चाचा थांबले. एक पुंगळी त्यांनी बाजूला काढली.

"बेटी, ही नको."

नूराने ती उजेडात धरून बघितली. काहीच दिसेना. तिने भिंगाखाली धरली, तेव्हा बुडापाशी केसासारखी चीर दिसली. तशीच बंदुकीत गेली असती तर तोंडाजवळ फुटली असती! पोरीचा चेहरा उतरला. तिने चाचांचा हात दोन्ही हातांत धरला, किती तरी वेळ सोडलाच नाही.

चाचांनाच अवघडल्यासारखं झालं. "अगो, हात काळे होतील तुझे!"

*

मागच्या वर्षी कंपनीने सगळ्यांचे डोळे तपासले. चाचा खुर्चीत बसले, मी दुभाष्या म्हणून शेजारी. समोरच्या तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर डॉक्टरांनी विचारलं.

चाचा म्हणाले, "तक्ता कुठाय?"

दोन्ही डोळ्यांत पिकलेले मोतीबिंदू! डॉक्टरांनी मला विचारलं, "हे काम काय करतात?" मी म्हणालो, "टर्नर." चाचा मात्र घाबरले. "सुनील, नोकरी गेली रे माझी. घरी काय सांगू?"

नोकरी गेली नाही. कफील, म्हणजे आमचा सौदी मालक, स्वतः गाडी चालवत त्यांना ऑपरेशनला घेऊन गेला. आधी एक डोळा, मग दुसरा. दोन महिने लेथ बंद होतं, पण चाचांच्या स्टुलावर कोणी बसलं नाही.

परत आले त्या सकाळी आम्ही सगळे काम सोडून उभे होतो. चाचांनी एक पुंगळी कापली, पुसली, दारातल्या उन्हात धरली आणि बघतच राहिले.

मी घाबरलो. "काय झालं, चाचा? माप चुकलं?"

"नाय रे," ते हळूच म्हणाले. "एवढी चमकते होय ही!"