आडवं कासव

मैलूरच्या आमच्या घरी ते पत्ते मुलीनं आणले, हैदराबादच्या कॉलेजातून. एकेका पत्त्यावर एक प्राणी, कोपऱ्यात दोन आकडे, खाली बारीक इंग्रजी. ते वाचून खेळ आम्हाला शिकवला अण्णांनी. अण्णा माझे थोरले भाऊ, गणिताचे निवृत्त मास्तर. वहिनी गेल्यापासून आमच्याकडंच राहतात. ठाणाकुशनूरच्या शेताकडं मात्र मोटरसायकलवर एकटेच जायचे.

पहिला आकडा माराचा, दुसरा तग धरण्याचा. मार तगाइतका झाला की प्राणी मेला. हा झाला हिशेब. पण शिवाय प्रत्येक प्राण्याच्या अंगी एक करामत असते. अण्णांचं आवडतं कासव मार एक, तग पाच असं होतं, आणि दुसऱ्या प्राण्यावरचा घाव ते स्वतःवर घेऊ शकायचं. घेतला की पत्ता आडवा करायचा. आडवा आहे तोवर करामत चालत नाही. आपली पाळी आली की तो परत उभा.

उन्हाळ्यापासून अण्णा आडव्या कासवावरच दुसरा घाव घेऊ लागले. मी काही बोललो नाही. आमच्यात थोरल्याला चुकलात असं कुणी म्हणत नाही, आणि नियम तर त्यांनीच शिकवलेले. कुठंतरी तशी सूट लिहिली असेल, असं मी धरून चाललो. बायकोही तसंच खेळू लागली.

दसऱ्याच्या सुटीत मुलगी आली. तिच्या लांडग्यासमोर अण्णांनी कासव पुढं केलं.

"मोठे अप्पा, आडवं हाय की ते. आत्ताच तर वापरलाव."

"कधी? आत्ताच उतरवलोय मी ते."

"म्हातारपणी लबाडी करायलाव व्हय?" ती हसली. अण्णा हसले नाहीत. पत्त्याकडं नुसते बघत राहिले.

नंतर स्वयंपाकघरात तिनं मला गाठलं. "अप्पा, कवापासून चाललंय हे?"

"हिशेब चोख हाय त्यांचा. पाचातनं तीन गेले की दोन, माझ्याआधी सांगतात."

"आकडे पत्त्यावर छापलेले हायत, अप्पा. मघाशी काय केलं ते त्यांना आठवना. आन तुम्ही त्यांना एकट्याला गाडीवर सोडायलाव."

इतके महिने मी त्यांची वजाबाकीच तपासत होतो.

सकाळी अण्णा शेताला निघाले. मी चप्पल घालून बाहेर आलो. "मी येतो."

"कामून? रस्ता ठाऊक न्हाई का मला?"

"गाडी मी चालवतो, अण्णा. किल्ली द्या."

ते रागावतील म्हणून पुढं काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच लागलं नाही. अण्णांनी खिशातून किल्ली काढली, माझ्या हातावर ठेवली आणि मागच्या सीटवर जाऊन बसले.