दहावं बोट

कोर्टातून बाहेर पडलं की आप्पा आधी बोटं दाखवायचे. कधी चार, कधी सहा. न्यायाधीशांना दिलेले दहापैकी मार्क.

"आज चारच?" मी विचारायची.

"पुरतं सांगू दिलं न्हाय गं त्या साक्षीदाराला. मधीच तोडलं."

मी बेळगावात लॉच्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, म्हणून कोर्टाच्या शेवटच्या बाकावरही अंग चोरून बसायची. फौजदारी खटले ऐकून वहीत नोंदी करायचं आम्हाला कॉलेजचं काम होतं. आप्पा खानापूरकडचे. बांधावरच्या मारामारीत त्यांच्या मुलावर केस झालेली. तारीख नसली तरी ते यायचे.

"आपल्या पोराचा निकाल कोण देणार, ते बघाय नको?"

निकाल बरोबर की चूक, याला मात्र ते एकही मार्क देत नसत. "ते वरचं कोर्ट बघंल. मी ऐकणं बघतो."

तुम्हीही मोबाइलवर एखाद्या हॉटेलला तारे दिले असतील. आमच्या वर्गातल्या मुलांनी न्यायाधीशांसाठी तसंच एक पान काढलं होतं. जामीन दिला की तारे वाढत, शिक्षा झाली की उतरत. आप्पांच्या मुलाची केस ज्यांच्यापुढे होती, त्यांना एकच तारा होता. मी भीत भीत दाखवलं. आप्पांनी मोबाइल लांब धरून पाहिला.

"ह्यातली किती जणं हितं बाकावर बसल्यात?"

मीही तो तारा नुसती बातमी वाचून दिला होता.

निकालाच्या दिवशी मुलगा पिंजऱ्यात उभा होता. न्यायाधीशांनी कन्नडमध्ये निकाल वाचला. शेवटी शब्द आला, "खुलासे". आप्पांचं कन्नड बाजारापुरतं. ते ताडकन उठले.

"साहेब, खुलासा मी करतो! पोरगं त्या दिवशी माझ्यासंगं गोठ्यात हुतं..."

कोर्टात हशा पिकला. कन्नडमध्ये खुलासे म्हणजे निर्दोष सुटका, हे त्यांना कसं सांगावं? मी नुसती बाही ओढत राहिले. न्यायाधीशांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं, पेन खाली ठेवलं आणि गोठा, वैरण, व्यायला आलेली म्हैस, सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग अडखळत मराठीत म्हणाले, "आप्पा, मुलगा सुटला. घेऊन जा."

बाहेर आप्पा रडतही होते, हसतही होते.

"आता तरी दहा दाखवा की!" मी म्हणाले.

त्यांनी नऊ बोटं वर केली. दहावं मुडपलेलं.

"एक का ठेवलं?"

डोक्यावर टाक्यांचा व्रण असलेला फिर्यादी एकटाच पायऱ्या उतरत होता. आप्पा त्याच्याकडे बघत होते.

"माझं ऐकलं. पर त्याचं डोकं कुणी फोडलं, ते राहिलंच की."

त्यानंतर आप्पा आले नाहीत. यायचं कारणच उरलं नाही. आता त्यांच्या जागेवर मी बसते. पानावरचा माझा तारा मी काढून टाकलाय. समोर कोणी ना कोणी बोलत असतं, आणि त्याचं संपेपर्यंत माझी बोटं मुठीत असतात.