नागम्माची उजवी मूठ

निलंग्याकडची नागम्मा तोंडाची फटकळ. तिच्या लेकाला, मल्लिकार्जुनाला कुणी “मेला” म्हटलं, की ती अंगावर धावून जायची. “मेला न्हाई, लिंगैक्य झाला म्हणा!”

लिंगायताच्या घरात माणूस मरत नाही, लिंगाशी एक होतो, लिंगैक्यच होतो. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर ठेवून त्याला बसवून पुरतात. पण मल्लिकार्जुन एकाहत्तरच्या लढाईत पडला, फौजेने तिकडेच अग्नी दिला आणि घरी आली ती राखेची लोटकी. हे दुःख तिने गिळलं. लिंग तरी लेकरासोबत गेलं असेल, एवढ्यावर तिने दिवस काढले, राख पुरून वर समाधीच्या दगडावर ‘लिंगैक्य’ हाच शब्द कोरून घेतला.

शंका मात्र कुरतडत होती. बहात्तरच्या दुष्काळात ती खडी फोडत असताना फौजेचे साहेब शौर्यपदक घेऊन आले. धुळीच्या हातांनी डबी घेत तिने विचारलं, “साहेब, त्याच्या गळ्यातलं त्याच्यासंगं गेलं का हो?”

साहेब भला माणूस, पण त्याला वाटलं, बाई सोन्याचं विचारते. “आई, अंगावर काही सापडलं नाही.”

सापडलं नाही, म्हणजे सोबतच गेलं, असा नागम्माने अर्थ लावला. बुडत्याला काडीचा आधार, दुसरं काय!

ब्याऐंशीला लातूर जिल्हा झाला. झेंडे लागले, भाषणं झाली, वीरमातांचा सत्कार ठरला. भोंग्यावर मल्लिकार्जुनाची आई म्हणून नागम्माचं नाव पुकारलं, तसा कुबडीवरचा एक माणूस गर्दीतून पुढे आला. उदगीरचा अजीज, त्याच लढाईत पाय गमावलेला जवान.

“अम्मा, आमची पलटण निराळी. नाव तेवढं ठावं होतं, गाव न्हाई. लई धुंडलं.” त्याने खिशातून चांदीची छोटी डबी काढली. आत लिंग होतं. “पाय गेलता, मी रडून राहिलो होतो. त्यानं गळ्यातलं काढून माझ्या मुठीत दिलं. म्हणला, ‘भिऊ नको, हे धर, मी आलोच.’ दुसऱ्या जखमीला आणायला गेला. त्याला आणलं बी. मग तिसऱ्यासाठी गेला...”

“म्हंजे रिकाम्या गळ्यानं गेलं माझं लेकरू?”

“त्याच्यापायी मी जगलो, अम्मा.”

“हाव बाबा. जग तू.” तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला आणि असा हंबरडा फोडला, की चालू भाषण थांबलं.

गावातले स्वामी म्हणाले, लिंग समाधीत ठेव.

“राखेला हात कुठले, स्वामी?” ती म्हणाली.

पुढे कुणी “मेला” म्हटलं, तरी नागम्मा गप्प बसायची. तिचं ते गप्प बसणं लोकांना सोसवत नसे. लोक आपणहून शब्द सांभाळू लागले.

ती गेली, तेव्हा तिच्या सांगण्याप्रमाणे तिला समाधीत बसवून डाव्या तळहातावर तिचं लिंग ठेवलं. उजव्यावर लेकाचं. कुबडी टाकून अजीज खड्ड्याच्या काठाशी बसला, खाली वाकला आणि ती उजवी मूठ त्याने हळूच मिटली.

“धर, अम्मा,” तो म्हणाला. “आला त्यो.”