पॅट्रिकचा उजवा हात

दुबईतल्या रास अल खोरच्या एका गोदामात बटणं, चेन आणि लेस यांचा होलसेल धंदा चालतो. तिथला ऑफिस असिस्टंट पॅट्रिक लोपीस मूळचा वसईचा, राहायला अल बर्शाला आणि मनाने चीनमधल्या यिवूच्या विमानतळावर. तिथे त्याने कधी पाऊल ठेवलं नव्हतं, एवढीच काय ती उणीव.

खरेदीला यिवूला निघालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला बसवून तो आधी विमानतळाचा इतिहास सांगे. "पूर्वी हा लष्कराचा होता, बरं का. पब्लिकला नंतर खुला झाला." मग सुविधा. "बॅगा घेतल्या की टॅक्सीचं दार डावीकडे. गरम पाण्याचा नळ उजवीकडे, एकदम फ्री. उजवा म्हणजे क्रुसाची खूण करतो तो हात." गिऱ्हाईक मुसलमान असलं तर जेवायचा हात.

ही विद्या अबरारची. यिवूहून परतलेला हा सेल्समन पॅट्रिकच्या टेबलासमोर उभा राहून हातवारे करत गेला, "इधर टॅक्सी, इधर पानी," आणि पॅट्रिकने बसल्या जागी वहीत उतरवून घेतलं.

नऊ वर्षं सुरळीत गेली. यंदा जुन्या गिऱ्हाईक हमीदाआपा, मूळच्या श्रीवर्धनच्या, बॉसला म्हणाल्या, "माझे गुडघे आता बोलायला लागलेत. पॅट्रिकला सोबत द्या."

"यल्ला, निघा," बॉस म्हणाला.

घरी बायको, नाव बेटी, बॅग भरत होती. "बेटी, मला सगळं पाठ आहे," पॅट्रिक तिसऱ्यांदा म्हणाला.

"पाठ आहे, पाहिलेलं नाही," बेटी म्हणाली. "तिथे चुकलास तर नऊ वर्षांची इज्जत खलास."

विमानात तो थेट यिवूला उतरेपर्यंत वही वाचत होता. बॅगा मिळाल्या. आपांना बाकावर बसवून, गरम पाण्यासाठी आणलेला थर्मास उंचावून, पॅट्रिक छाती काढून उजवीकडे निघाला. एक दार आपोआप उघडलं आणि दुसऱ्या क्षणी तो रस्त्यावर, एका टॅक्सीवाल्यासमोर थर्मास धरून उभा होता. टॅक्सीवाल्याने नम्रपणे थर्मास घेऊन डिकीत ठेवला.

तो परत मिळवून पॅट्रिक आत आला, तर हमीदाआपा डावीकडच्या नळावर निवांत आपली बाटली भरत होत्या.

"आपा, नळ हलवला वाटतं यांनी."

"नळ पहिल्यापासून इथेच आहे, बाळा. अबरार तुझ्यासमोर उभा होता ना? त्याचा उजवा तो तुझा डावा."

पॅट्रिक बाकावर बसला. "म्हणजे नऊ वर्षं मी सगळ्यांना... आणि तुम्ही बोलला नाहीत?"

"तू इतक्या हौसेने सांगायचास. पहिल्या खेपेला चुकले. मग तू सांगशील त्याच्या उलट जायला लागले, आजवर एकदाही चुकले नाही. असा पक्का माणूस बाजारात मिळत नाही."

पॅट्रिकने खिशातून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं. आपांनी जेवायच्या हाताने वही काढून घेतली.

"राहू दे तसंच. दुरुस्त केलंस तर पुढच्या वर्षी मी कशी जाऊ?"