घोस्ट केलं म्हणण्याआधी

रिंग पूर्ण वाजली आणि बंद झाली.

"उचलून न्हाई राहिला," भाऊराव म्हणाले. ते आमच्या शेतकरी कंपनीचे अध्यक्ष, मी मॅनेजर. वारंगा फाट्याजवळच्या गोडाऊनमध्ये हळदीचा लॉट, म्हणजे एकाच सौद्यासाठी वेगळा लावलेला माल, तयार होता. ट्रक दारात होता. सांगलीचा व्यापारी मात्र सकाळपासून गप्प.

"मेसेज वाचतोय तो. ब्लू टिक दिसते," अकाउंट्सची पल्लवी म्हणाली. "त्यानं घोस्ट केलं आपल्याला."

"म्हंजे भुताटकी?"

"न्हाई हो काका. कारण न सांगता बोलणंच तोडायचं. फोन न्हाई, रिप्लाय न्हाई. आधी प्रेमातल्या पोरापोरींचा शब्द होता. आता इंटरव्ह्यू घेऊन कंपनी गप्प बसली, तरी म्हणतात घोस्ट केलं."

"बराबर. मंग हे भूत ग्रुपवरच टाकतो."

ग्रुप म्हणजे हळद घेणाऱ्या-विकणाऱ्यांचा. तिथं एकदा 'फसवा' म्हणून नाव पडलं, की त्या माणसाला नुसत्या शब्दावर कोणी माल देत नाही. भाऊराव टाइप करू लागले.

मला बसवेना. पोत्यांच्या रांगेतून उगाच फिरून आलो. पल्लवीनं अर्थ बरोबर सांगितला होता. पण त्या अर्थात माणूस मुद्दाम गप्प आहे, हे धरून चाललेलं असतं. हिवाळ्यात माझी पत्नी गेली. तेव्हा मीही मेसेज वाचायचो आणि फोन पालथा ठेवायचो.

"भाऊराव, जरा थांबा."

"काहून? ट्रकवाला थांबतो काय?"

मी माझ्या फोनवरून व्यापाऱ्याला लिहिलं, 'घरी सगळं बरं आहे ना?' हळदीचं नाव काढलं नाही.

चहा आला. कोणी कपाला हात लावला नाही. भाऊरावांचा मेसेज लिहून तयार होता, अंगठा बटणाजवळ. मी परत उठलो, परत बसलो.

मग उत्तर आलं. 'आई गेली काल. सुचत नाही काही. लॉट दुसऱ्याला द्या.'

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. भाऊरावांनी लिहिलेलं सगळं पुसलं. पल्लवीकडे न बघता म्हणाले, "ट्रक हिंगोलीला काढा. मोंढ्यातल्या लिलावात जे मिळंल ते मिळंल."

भाव कमीच मिळाला. पुढच्या मीटिंगमध्ये सभासदांनी मला त्यावरून भरपूर ऐकवलं. आईचं तेरावं उरकून व्यापाऱ्याचा फोन आला. पुढचा लॉट त्यानंच घेतला.

पल्लवीचा शब्द कामाचा आहे. मीही वापरतो. फक्त त्याआधी एक प्रश्न विचारून घेतो, आणि तो मालाचा नसतो.