बावीस मिनिटांची दाढी

“मान हलवू नगा, गुरुजी. आता खरा शीन येतुया!”

वस्तरा माझ्या गळ्यावर आणि त्याचे डोळे आरशात. अशा वेळी मान हलवायची माझी काय छाती! कोरेगावातल्या त्याच्या सलूनमध्ये बसून मी त्याचा सिनेमा शंभर वेळा पाहिला. शंभर म्हणजे, बरं, दहाबारा वेळा. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला तो बजावायचाच, “गुरुजी सांगत्यात त्याचा दहावा भाग धरायचा.”

सिनेमा त्याचा स्वतःचा. दर सोमवारी, दुकान बंद असताना, मोबाइलवर काढलेला. बावीस मिनिटांचा. टीव्ही गिऱ्हाइकाच्या पाठीमागे. बघायचा समोरच्या आरशात. आरशात अक्षरं उलटी दिसतात म्हणून पठ्ठ्यानं अख्खा सिनेमाच उलटा करून घेतला होता. नुसत्या दाढीला आलेल्याला मालिश फुकट, कारण दाढी दहा मिनिटांत उरकते, सिनेमा उरकत नाही. एकदा एक पाहुणा फलटणच्या एस.टी.साठी घायकुतीला आला. “पाच मिण्टं, पावनं. शेवट तेवडा बगा,” म्हणत ह्यानं त्याचा एक गाल साबणातच ठेवला. एस.टी. गेली. पाहुण्यानं शेवट पाहिला.

गोष्ट साधी होती. एक म्हातारा न्हावी अंथरुणाला खिळलेल्या दोस्ताची दाढी करायला दर आठवड्याला सायकलवरून जातो. दोस्त त्याला ओळखत नाही. मग एके दिवशी दोस्त त्याच्या हातातला ब्रश घेतो आणि न्हाव्याच्याच गालाला साबण लावू लागतो. संपलं. न्हाव्याचं काम ह्याच्या वडिलांनी केलेलं. सिनेमा पुरा झाला आणि काही महिन्यांत ते गेले.

मी म्हणायचो, “गड्या, अर्ध्या तालुक्यानं पाहिला की रं तुझा सिनेमा!”

“ह्ये प्रेक्षक न्हाईत, गुरुजी. अर्ध्या दाढीचा मानूस पळून कुटं जानार? सुटा मानूस बसला पायजे. दार उघडं हाय, आन् तरी बसलाय, असा.”

असा माणूस शोधायला आम्ही दोघं सांगलीला गेलो. हौशी सिनेमावाल्यांचा मेळावा होता. पेनड्राइव्ह घेऊन या आणि दाखवा. दुपारची वेळ, लहानसं सभागृह, चाळीसेक माणसं. हा इस्त्रीच्या शर्टात. “मी दारात थांबनार. कोन कोन उठतंय, त्ये बगनार.”

दिवे मालवले. पडद्यावर त्याच्या वडिलांचं नाव आलं. उलटं.

पेनड्राइव्हमध्ये आरशाचाच सिनेमा होता. इतकी वर्षं आरशात पाहिलेला, त्याच्या डोळ्याला तोच सरळ. इथं आरसा नव्हता. त्यातली गंमत सगळ्या सभागृहात मला एकट्याला कळली, आणि मी हसलो. माझं हसू केवढं असतं ते कोरेगावच्या बाजारपेठेत विचारा. माझ्यामागून सगळे हसले.

मग सायकल दिसली, अंगण दिसलं, आणि हसू विरत गेलं. नंतर एक खुर्चीसुद्धा करकरली नाही. ब्रशचा प्रसंग आला तेव्हा तिसऱ्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. मी आनंदानं दाराकडे वळून पाहिलं.

दारात कुणीच नव्हतं. त्या दिवशी उठून गेलेला माणूस एकच. तो स्वतः.

स्टँडवरच्या बाकावर सापडला.

“आबांच्या नावाला हसली मान्सं. पैलं हसू तुमचं व्हतं, गुरुजी. वळखलं म्या.”

“होय, चुकलं माझं. पण ऐक तरी. नंतर एक माणूस उठला नाही. बाई रडल्या.”

“किती?”

“एक.”

तो कसनुसा हसला. “काडा आता तिचा दहावा भाग.”

मी शपथा घेतल्या. शपथा घेताना मी कसा दिसतो, तेही त्याला पाठ होतं.

त्यानंतर त्या टीव्हीवर गाणी लागू लागली. दाढी दहा मिनिटांत उरकायची. “झालं, गुरुजी,” एवढंच. यंदा त्यानं दुकान सोडलं. पुण्यात कुणाच्या तरी मोठ्या सलूनमध्ये कामाला आहे. फोन उचलतो, सगळ्यांची चौकशी करतो, सिनेमाचं नाव काढलं की म्हणतो, “गिऱ्हाईक हाय, ठेवतो.”

आता मी दुसरीकडे दाढी करतो. तिथल्या आरशात मागची कोरी भिंत दिसते. मान हलवायला कुणाची मनाई नाही. तरी हलवत नाही.

तुम्ही इथवर बसलात, तेही सुटे असून. तेव्हा बाकीच्या सगळ्याचा खुशाल दहावा भाग धरा. त्या पाहुण्याचा साबणातला गाल कदाचित एस.टी.च्या वेळेआधी करूनही झाला असेल. पण ती बाई तिसऱ्या रांगेत होती, तिच्या पदराला हिरवे काठ होते, आणि ती रडत होती.