आधी सोडायचा, मग घ्यायचा

सगळ्यात आधी सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता... आणि नसावा, असंच वाटतं. आमचं घर बौद्ध. माझे सासरे — आम्ही त्यांना बाबा म्हणायचो — या बाबतीत एकदम कट्टर. गावात कुणाचं मूल आजारी पडलं आणि घरचे देवळात गाऱ्हाणं घालायला निघाले, की हे रस्त्यातच अडवायचे. "आदी दवाखान्यात न्या, मग काय ता करा." निम्म्या गावाशी त्यांचं वाकडं होतं ते यामुळेच.

बाबांचा दम मुंबईच्या गिरणीत गेला, कापसाच्या धुळीत. शेवटची वर्षं ते पावसजवळ आमच्या घरी होते. मिस्टर तेव्हा मुंबईत नोकरीला, त्यामुळे त्यांचं सगळं मीच बघायचे. रोज सकाळी ते वंदना म्हणत, पण एका दमात ओळ पुरी होत नसे. "बुद्धं सरणं..." इथे थांबायचे, अंगठ्याने गुडघ्यावर टक टक, तोंडाने एक लांब फुंकर — आणि मग "गच्छामि". मला म्हणायचे, "आदी सोडायचा, मग घ्यायचा. गिरणीत ह्या कोणी सांगितलान नाय."

ते गेले, आणि त्यानंतर माझी लेक मैत्री जन्मली. तिलाही दमा निघाला. डॉक्टरांनी बजावलं होतं — अटॅक आला की पंप द्या, दवाखाना गाठा, आणि वाटेत तिला घाबरू देऊ नका, तिच्या सवयीचं काहीतरी बोलत राहा. तिच्या सवयीची म्हणजे आमची झोपतानाची वंदना. ती आम्ही विहारात म्हणतात तशी सरळ, न थांबता म्हणतो.

गेल्या वर्षी एका दुपारी तिला जोराचा अटॅक आला. पंप देऊनही फरक पडेना. शेजारच्या सुभाषदादांनी रिक्षा काढली आणि आम्ही रत्नागिरीला निघालो... तर भाट्याच्या पुलावर ट्रक बंद पडलेला. पुढे गाड्या, मागे गाड्या. पलीकडे रत्नागिरी दिसतेय आणि माझ्या मांडीवर पोरीचे ओठ काळे-निळे पडतायत.

"घाबरू नको गो बाय, सोडतायत आता," दादा म्हणाले. पण त्यांचाच चेहरा उतरला होता.

मी वंदना सुरू केली. भीतीने मी भराभर म्हणत सुटले. तेवढ्यात मैत्रीने माझ्या तोंडावर हात ठेवला. मग तिचा अंगठा माझ्या गुडघ्यावर. टक टक. ओठांचा चंबू करून तिने एक लांब फुंकर मारली आणि माझ्याकडे बघत म्हणाली,

"आदी... सोडायचा. मग... घ्यायचा."

मी म्हणायची थांबले. पुढची वंदना तीच म्हणत राहिली, पुटपुटत. प्रत्येक ओळीत तिथेच थांबायची. टक टक. फुंकर. ट्रक बाजूला होईपर्यंत तिने तसाच एकेक श्वास सांभाळला... म्हणजे जीवच सांभाळला म्हणा.

दवाखान्यात वाफ दिल्यावर ती सावरली. डॉक्टर म्हणाले, "घाबरून श्वास ओढत राहिली असती तर कठीण होतं. फुंकर मारायला छान शिकवलंत."

मी शिकवलं नव्हतं. मिस्टरांना विचारलं, त्यांना ते टकटकणं माहीतसुद्धा नव्हतं. बाबांचं रेकॉर्डिंग नाही, मोबाईल समोर धरला की ते तोंड फिरवायचे. मीच कधीतरी ते वाक्य बोलून गेले असेन, अशी मनाची समजूत घालते. पण अंगठा? तो मी कधीच वाजवलेला नाही.

सुभाषदादांकडून ऐकून चुलत सासूबाई आल्याच. "म्हातारा नातीत आला गो." मी त्यांना तिथेच तोडलं. स्वतःच्या श्वासाला घाबरणाऱ्या लेकराच्या डोक्यात आणखी हे कशाला भरायचं? आणि ज्या माणसाने जन्मभर भुतं घराबाहेर ठेवली, त्यालाच आता भूत करायचं? म्हणून घरात हा विषय बंद. इथे लिहितेय, कारण कुठेतरी बोलल्याशिवाय राहवेना.

मैत्री अजूनही वंदनेत तिथेच थांबते. आता मीही थांबते. बाबांना हे लिहिलेलं मुळीच खपलं नसतं, चांगलं फैलावर घेतलं असतं मला. घेऊ देत. पोरगी श्वास घेतेय, तेवढ्यासाठी त्यांची हवी तेवढी बोलणी खाईन मी.